एक शब्द घ्या आणि नाक्यापर्यंत चालत जा: कायद्यात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी

संशोधन सल्लागार समितीपुढच्या पहिल्या सादरीकरणात एक प्रश्न ठरलेला असतो: "तुमची पद्धती काय?" उमेदवार सांगतो, "डॉक्ट्रिनल आणि एम्पिरिकल, दोन्ही." म्हणजे कायदा-निकालांचा मजकूर वाचून आणि प्रत्यक्ष पाहणी करूनही. मग समितीतले एखादे जुने सर विचारतात, "ते ठीक आहे हो, पण उद्या सकाळी उठून नेमकं काय करणार?" इथे बहुतेकांची बोबडी वळते. माझीही वळली होती. हा लेख त्या 'उद्या सकाळ'साठी आहे.

कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावणं म्हणजे अर्थनिर्वचन. तो अर्थ कार्यालयात, फायलीत, रस्त्यावर कसा उतरतो ते पाहणं म्हणजे अंमलबजावणीचा अभ्यास. पाठ्यपुस्तकांत ही दोन वेगळी प्रकरणं असतात आणि बहुतेक प्रबंधांतही तशीच राहतात: पहिली दोनशे पानं न्यायनिर्णय, पुढची शंभर पानं प्रश्नावलीचे तक्ते, मध्ये भिंत. मला ही भिंत खोटी वाटते. वन विभागाच्या तपासणी नाक्यावरचा वनरक्षक बांबूचा ट्रक अडवतो तेव्हा तोही कायद्याचा अर्थच लावत असतो. न्यायाधीश कारणं लिहून ठेवतात, तो लिहीत नाही, एवढाच फरक.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतो: २००६ चा वनहक्क कायदा, म्हणजे अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, आणि त्यातला एक शब्द, बांबू. तुमचा विषय भाडेनियंत्रण असो की दिवाळखोरी, पायऱ्या त्याच.

पहिली पायरी: विषय नको, शब्द निवडा

'वनहक्क कायद्याची अंमलबजावणी: एक चिकित्सक अभ्यास' अशा शीर्षकाचे प्रबंध किती आहेत ते शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, एकदा पाहून या. त्यात आणखी एकाची भर घालायची असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर असा शब्द किंवा असं कलम शोधा, ज्यावर कोणीतरी प्रत्यक्ष भांडलं आहे. भांडण झालं म्हणजे किमान दोन अर्थ शक्य होते. जिथे एकच अर्थ निघतो तिथे निर्वचनाला काही काम नसतं.

बांबूवर भांडण झालं, तेही मोठं. वनहक्क कायद्याच्या कलम २(झ) मधली, इंग्रजी प्रतीत २(आय), 'गौण वनोपज'ची व्याख्या सांगते: वनस्पतीजन्य असं सर्व बिगर-इमारती वनोत्पादन, त्यात बांबू, झुडपी लाकूड, वेत, मध, लाख, तेंदूपानं वगैरे आलं. दुसरीकडे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येत ताड-माडांबरोबर बांबूही होता. त्याच कायद्यात 'इमारती लाकूड' म्हणजे पडलेले किंवा तोडलेले वृक्षही. आता साखळी जोडून पाहा: बांबू हा वृक्ष, तोडला की इमारती लाकूड, आणि इमारती लाकूड असेल तर गौण वनोपज कसं? वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणतं, पण कायद्याच्या व्याख्येपुढे वनस्पतिशास्त्राचं चालत नाही.

असा शब्द सापडला की निम्मं काम झालं.

दुसरी पायरी: मजकूर गोळा करा, तारखेनिशी

ही सगळ्यात कंटाळवाणी पायरी. याच पायरीवर सगळ्यात जास्त प्रबंध घसरतात. माझाही घसरला होता. पहिलं प्रकरण मी बाजारात मिळालेल्या एका जुन्या आवृत्तीवरून लिहिलं. चाळीस पानं झाल्यावर कळलं की मी ज्या नियमावर टीका करत होतो तो बदलून कित्येक वर्षं झाली आहेत. मार्गदर्शक काही बोलले नाहीत, फक्त मुखपृष्ठामागचं छपाईचं वर्ष दाखवलं.

तो नियम इथे सांगण्याजोगा आहे. कायद्याच्या कलम ३(१)(ग) ने, इंग्रजी प्रतीत ३(१)(सी), वननिवासींना गौण वनोपजाची मालकी दिली, आणि ते वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा, त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क दिला. कलमात विल्हेवाटीवर कसलीही मर्यादा नाही. पण २००८ च्या नियमांनी 'विल्हेवाट' या शब्दाची व्याख्या करताना वाहतूक आणली ती डोक्यावरच्या मोळीची, सायकलची आणि हातगाडीची. मोटारगाडी वापरायची तर जुने वाहतूक-परवान्याचे नियम लागू. संसदेने मालकी दिली आणि नियमाने मालकाला हातगाडीवर बसवलं. सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने हे बदललं: योग्य त्या वाहनाने, जंगलाच्या आत आणि बाहेरही वाहतूक करता येईल, आणि परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल.

दुय्यम विधान मूळ कायद्याचा संकोच करू शकतं का, हा प्रश्न वर्गात विचारला तर सगळे 'नाही' म्हणतात. इथे तो संकोच साडेचार वर्षं कागदावर होता. हे दिसायला दोन्ही नियम तारखेनिशी शेजारी ठेवावे लागतात.

म्हणून एक वही करा, किंवा एक्सेलची शीट. रकाने चारच: दस्तऐवज, तारीख, कोणी काढला, आधीच्या कशात बदल केला. त्यात अधिनियम, नियम, दुरुस्त्या, अधिसूचना, शासन निर्णय, परिपत्रकं असा सगळा बाडबिस्तरा येऊ द्या. केंद्राचे कायदे 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर मिळतात, राज्याचे शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर. राज्यपालांच्या अधिसूचना मात्र मुद्दाम शोधा, त्या नेहमी निसटतात. वनहक्क कायद्याच्या कलम ६ प्रमाणे वनहक्काच्या दाव्यावर जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम. पण महाराष्ट्राच्या राज्यपालांनी मे २०२० मध्ये संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रापुरतं, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या भागापुरतं, हे कलम बदललं आणि विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली. मूळ कायदा तोंडपाठ असलेला माणूस इथे चुकतो.

आणि उतरंड विसरू नका. परिपत्रक हे नियमापेक्षा मोठं नाही, नियम अधिनियमापेक्षा मोठा नाही. तालुक्याच्या कार्यालयात हे बरोबर उलट असतं, टेबलावर परिपत्रक असतं आणि अधिनियम कपाटात. हे निरीक्षण टिपून ठेवा, पुढे लागेल.

तिसरी पायरी: आधी शब्द, मग नियमांची नावं

नवा संशोधक उत्साहात 'मी गोल्डन रूल लावला' (शब्दशः अर्थ विसंगत ठरला तर तो थोडा वळवायचा, हा निर्वचनाचा नियम) असं लिहून मोकळा होतो. नियमाचं नाव शेवटी येऊ द्या. आधी वाक्य सोडवा, शाळेत वाक्यपृथक्करण करायचो तसं.

व्याख्येत 'म्हणजे' आहे की 'यात समावेश होतो' आहे? 'म्हणजे' असेल तर यादी बंद, 'समावेश' असेल तर दार उघडं. गौण वनोपजाची व्याख्या समावेशक आहे, आणि तरी बांबू नाव घेऊन लिहिला आहे. विधिमंडळ एखाद्या वस्तूचं नाव घेतं तेव्हा बहुधा ती एरवी बाहेर राहिली असती अशी धास्ती असते. शेजारच्या शब्दांवरून अर्थ ठरवण्याचं तत्त्व इथे लावायचा मोह होईल, म्हणजे मध-मेण-लाखेच्या पंगतीतला बांबूही किरकोळ वापराचाच असं म्हणण्याचा. तो मोह आवरा. समावेशक व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली असेल तर शेजारच्या शब्दांनी ती अरुंद करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली मुंबई राज्य विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा या खटल्यात सांगून ठेवलं आहे.

वस्तूचं रूप बदललं तर? सुरेश लोहिया विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९९६. बांबूची चटई ही वनोपज आहे का, असा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं, नाही. माणसाच्या श्रमातून बाजारात वेगळी ओळख असलेली नवी वस्तू तयार झाली आहे. म्हणजे बांबूवर वन कायदा चालेल, चटईवर नाही. पण सोललेल्या कामट्या? इथे तुमचा स्वतःचा परिच्छेद सुरू होतो.

भाषेबद्दल थोडं. संविधानाच्या कलम ३४८ मुळे उच्च व सर्वोच्च न्यायालयात केंद्रीय कायद्याचा इंग्रजी मजकूर चालतो. ग्रामसभेने मात्र मराठी मजकूर वाचलेला असतो, किंवा कोणीतरी तो माडिया या आदिवासी भाषेत सांगितलेला असतो. इंग्रजी 'ऑक्युपेशन'ला मराठीत ताबा म्हणा, कब्जा म्हणा की भोगवटा म्हणा, तलाठ्याच्या डोक्यात तीन वेगळी चित्रं उभी राहतात. 'भोगवटा' म्हटलं की त्याला जमीन महसूल संहितेतला भोगवटादार, म्हणजे हक्काने जमीन धारण करणारा, दिसतो आणि 'कब्जा' म्हटलं की अतिक्रमण. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याला ही अडचण वाटते. माझ्या मते ही त्याची जमेची बाजू आहे, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा फरक दिसतच नाही.

चौथी पायरी: दोन कायदे भिडतात तिथे थांबा

वनहक्क कायद्याच्या कलम ४(१) ची सुरुवात: इतर कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी. कलम १३: हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना बाधा आणणारा नाही. एकाच कायद्याची दोन तोंडं. वन विभागाचा वकील कलम १३ वाचेल, ग्रामसभेचा वकील कलम ४.

सुसंवादी अर्थ लावण्याचं तत्त्व इथे कामाला येतं: दोन्ही कलमं जिवंत राहतील असं वाचा, एकाला मारून दुसरं जगवू नका. कलम १३ नीट वाचलंत तर त्याच्या तोंडालाच 'या अधिनियमात अन्यथा तरतूद असेल ते सोडून' असं आहे. म्हणजे हक्कांच्या मान्यतेपुरतं कलम ४ वरचढ, आणि बाकी वन प्रशासन जुन्या कायद्याप्रमाणे चालू. हा माझा अर्थ. तुमचा वेगळा असू शकतो. पण समोरच्या बाजूचा युक्तिवाद त्यांच्या वकिलाने मांडला असता तितक्या ताकदीने लिहा. 'पारंपरिकरीत्या गोळा केलेलं' ही अट कलम ३(१)(ग) मध्ये आहेच. कागद गिरणीला विकण्यासाठी ट्रकभर बांबू तोडणं ही परंपरा कशी, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार हवं. (मी देतो ते उत्तर असं: परंपरा गोळा करण्याची हवी, विक्रीची नव्हे. वाक्यात 'पारंपरिकरीत्या' हे क्रियाविशेषण 'गोळा केलेलं'ला चिकटलं आहे, 'विल्हेवाटी'ला नाही.)

पाचवी पायरी: हेतू शोधा, पण जपून

१५८४ चा इंग्लंडमधला हेडनचा खटला चार प्रश्न विचारायला सांगतो: आधी कायदा काय होता, त्यात कोणतं दुखणं बरं होत नव्हतं, कोणता उपाय काढला, आणि तो का. १९५५ साली बेंगॉल इम्युनिटी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे प्रश्न आपलेसे केले. वनहक्क कायद्यात उत्तर उद्देशिकेतच आहे, तिथे 'ऐतिहासिक अन्याय' असे शब्द आहेत.

पण उद्देशिकेवर थांबू नका. डिसेंबर २००५ मध्ये लोकसभेत मांडलेलं विधेयक काढा. त्यात फक्त अनुसूचित जमाती होत्या, पात्रतेची तारीख २५ ऑक्टोबर १९८० होती आणि जमिनीची मर्यादा अडीच हेक्टर. संयुक्त संसदीय समितीच्या अहवालानंतर अंतिम कायद्यात इतर पारंपरिक वननिवासी आले, तारीख १३ डिसेंबर २००५ झाली आणि मर्यादा चार हेक्टर. हेतू रुंदावत गेला हे सांगायला याहून चांगला पुरावा नाही. संसदीय समितीचे अहवाल अर्थ लावताना पाहता येतात, हे २०१८ च्या कल्पना मेहता निकालात घटनापीठाने मान्य केलं आहे.

जपून का? अभिराम सिंग खटला वाचा, जानेवारी २०१७. मूळ वाद १९९० च्या सांताक्रूझ विधानसभा निवडणुकीचा. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 'त्याच्या धर्माच्या' नावावर मत मागू नये असं आहे, तर 'त्याच्या' म्हणजे उमेदवाराच्या की मतदाराच्याही? सात न्यायाधीश, चार विरुद्ध तीन. हेतू पाहिल्यावरही सात विद्वान दोन वाटांनी गेले. दोन्ही मतं ओळीने वाचा आणि बहुमताचं वाक्य कुठे ताणलं आहे ते समासात लिहा. निर्वचनाचा असा व्यायाम दुसरा नाही.

निकाल वाचण्याबद्दल थोडक्यात: हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, वाचून उद्धृत करू नका, परिच्छेद क्रमांक स्वतः पाहा. निकाल आणि अंतरिम आदेश यांत फरक करा. १३ फेब्रुवारी २०१९ च्या आदेशावरून 'दावे फेटाळलेल्यांना बाहेर काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल' असं अजूनही लिहिलं जातं. तो आदेश होता, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला तो स्थगित झाला.

सहावी पायरी: आता गावाला चला

मेंढा (लेखा), तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावची. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद हातात आला, पण बांबू विकायला काढला तर वाहतूक परवाना मिळेना. परवान्याला तिकडे सगळे 'टीपी'च (ट्रान्झिट परमिट) म्हणतात. टीपीशिवाय ट्रक नाक्यापुढे जात नाही. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हा गौण वनोपज असल्याचं कळवलं, आणि २७ एप्रिल २०११ रोजी त्यांच्या हस्ते मेंढ्याच्या ग्रामसभेला परवाना पुस्तक मिळालं.

तारखा पुन्हा पाहा. कायद्यात बांबू हा शब्द डिसेंबर २००६ पासून होता. या मधल्या काळात एकही शब्द बदलला नाही, न्यायालयाचा निकालही आला नाही, बदलला तो वाचणाऱ्याचा अर्थ. १९२७ च्या कायद्यातून 'बांबू' हा शब्द गेला तो थेट नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने, आणि तोही जंगलाबाहेरच्या शेतकऱ्यांना बांबू लावायला उत्तेजन मिळावं म्हणून. तुमचं संशोधन हे या मधल्या वर्षांत राहतं.

तेव्हा क्षेत्रकार्यात 'कायद्याची माहिती आहे का? होय / नाही' अशी प्रश्नावली वाटत फिरू नका. निर्णयांचे कागद मागा. ग्रामसभेचं ठराव रजिस्टर, वनहक्क समितीचा पाहणी अहवाल, उपविभागीय समितीचं इतिवृत्त, दावा फेटाळल्याचं पत्र. एक पत्र घेऊन बसलात तर दिवस पुरत नाही. समजा त्यात एकच ओळ आहे: 'तीन पिढ्यांचा पुरावा नाही.' आता विचारा. दावेदार अनुसूचित जमातीचा आहे का? असेल तर तीन पिढ्यांची अट त्याला लागूच नाही. इतर पारंपरिक वननिवासी असेल तर कायदा तीन पिढ्यांचं वास्तव्य आणि जंगलावरचं अवलंबित्व मागतो, त्याच तुकड्यावरची पंचाहत्तर वर्षांची शेती नव्हे. मग या अधिकाऱ्याने कोणता पुरावा मागितला होता? नियम १३ मध्ये दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे, तो घेतला होता का? उपग्रह चित्रावरून फेटाळलं असेल तर २०१२ चा नियम १२अ म्हणतो की असं तंत्रज्ञान जोडीला वापरा, इतर पुराव्यांच्या जागी नको. आणि ठराव अपुरा वाटला तर समितीने दावा ग्रामसभेकडे परत पाठवायचा आहे. एका ओळीत चार चुका निघू शकतात, आणि प्रत्येक चूक हा एक अर्थनिर्वचनाचा निर्णय आहे.

'अंमलबजावणी झाली नाही' हा निष्कर्ष नव्हे. अधिकाऱ्याने नियम वाचलाच नव्हता, की जुना वाचला होता, की नीट वाचून वेगळा अर्थ लावला होता, हे वेगवेगळं मोजा. पन्नास पत्रं अशी वर्गवारी करून मांडलीत तर तुमच्या तक्त्याला न्यायालयीन प्रकरणाशी जोडणारा धागा आपोआप मिळतो.

कागद सहज मिळत नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज करा: महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. प्रतींपेक्षा अभिलेख पाहणी मागा. फाइल समोर बसून चाळलीत की शेरे, खाडाखोड, पेन्सिलीच्या टिपा दिसतात, आणि कारकून सहज बोलता बोलता जे सांगतो ते कुठल्याच प्रतीत नसतं. विदर्भात असाल तर निस्तार पत्रक मागायला विसरू नका. गावाने कोणत्या जंगलातून काय आणायचं याची ती जुनी नोंद आहे. पुण्या-मुंबईकडच्या संशोधकांना तिचं नावही ठाऊक नसतं, आणि 'पारंपरिक' या शब्दाचा इतका चांगला कागदी पुरावा दुसरा मिळत नाही.

मोह वेचायच्या दिवसांत किंवा मे महिन्यात तेंदूच्या हंगामात मुलाखतींना जाऊ नका. सगळं गाव पहाटेच रानात असतं आणि दुपारी पुडे बांधत असतं. जायचंच असेल तर वही ठेवून पुडे बांधायला बसा. मुलाखतीची संमती आधी घ्या, शक्यतो ग्रामसभेपुढे विषय मांडून. दावेदारांची नावं प्रबंधात घालू नका. फेटाळलेल्या दाव्याच्या माणसाचं नाव आणि गट क्रमांक छापून येणं त्याच्या अंगाशी येऊ शकतं.

सातवी पायरी: लिहिताना

न्यायनिर्णयांचं एक प्रकरण आणि क्षेत्रकार्याचं एक, असं करू नका. शब्दाप्रमाणे प्रकरणं पाडा. 'बांबू' या प्रकरणात संसद, नियम, न्यायालय, मंत्रालय, नाका ओळीने येऊ द्या. 'तीन पिढ्या' या प्रकरणात परत तीच वाट. परीक्षकाला रचना अनोळखी वाटेल, म्हणून प्रस्तावनेत दोन परिच्छेदांत ती समजावून सांगा. मौखिकीत त्यावरच पहिला प्रश्न येईल आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असेल.

प्रबंध सादर करायच्या आठवड्यात ती चार रकान्यांची वही पुन्हा उघडा, इंडिया कोड आणि राज्याची राजपत्रं तपासा, आणि प्रत्येक उद्धृत कलमाखाली 'या तारखेस असलेला मजकूर' अशी टीप टाका.